सात मिनिटांची गाडी, दहा मिनिटांच्या नूडल्स

उत्तरेकडून आलेली शिन्कान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, टोकियो स्टेशनात शिरते, आणि बारा मिनिटांनी तीच गाडी उलट दिशेला निघते. बारातली दोन मिनिटं उतरणाऱ्यांची, तीन चढणाऱ्यांची. राहिलेल्या सात मिनिटांत सफाई कामगारांची तुकडी अख्खी गाडी झाडते, कचरा उचलते, टेबलं पुसते आणि सगळ्या खुर्च्या फिरवून प्रवासाच्या दिशेला तोंड करून ठेवते. या सात मिनिटांची ख्याती इतकी पसरली, की हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये त्यांच्यावर धडा तयार झाला.

आता फलाटावरून खाली उतरू. स्टेशनाच्या याएसु बाजूला, तळघरात, तिकीट-फाटकांच्या बाहेर ‘टोकियो रामेन स्ट्रीट’ नावाची एक गल्ली आहे. २००९ साली ती चार दुकानांनिशी सुरू झाली आणि २०११ मध्ये आठ दुकानांची झाली. एखाद्या दुपारी तिथं गेलात तर सगळ्यात लांब रांग बहुधा ‘रोकुरिन्शा’समोर दिसेल. या दुकानाची ओळख म्हणजे त्सुकेमेन. एका वाडग्यात थंड पाण्यात धुतलेल्या जाडजूड नूडल्स, दुसऱ्या लहान वाडग्यात चटका बसेल असं दाट सूप. नूडल्स उचलायच्या, सुपात बुडवायच्या, खायच्या. अशा जाड नूडल्स शिजायला दहा मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे वर अख्खी गाडी चकचकीत होऊन निघायला तयार होते, तरी खाली नूडल्सचा एक घाणा निघालेला नसतो.

स्टेशनात झटपट होणारं खाणं चालतं, हा साधा हिशेब आहे आणि जपानी स्टेशनं तो फार चांगला जाणतात. फलाटावरच्या उभ्यानं खायच्या सोबा-दुकानात नूडल्स आधीच उकडून ठेवलेल्या असतात. गिऱ्हाईक आलं की त्या गरम पाण्यात काही सेकंद बुचकळायच्या, वाडग्यात टाकायच्या, वरून सूप ओतायचं. नागोया स्टेशनच्या फलाटांवर चपट्या किशिमेन नूडल्स अशाच मिळतात, आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात खाऊन माणूस मोकळा होतो. मग सावकाश शिजणारं, दोन वाडग्यांचं, निगुतीनं खायचं त्सुकेमेन इतक्या घाईच्या जागी कसं टिकलं? टिकलं कसलं, तिथलं सगळ्यात मोठं आकर्षण होऊन बसलं.

याचं उत्तर शोधायला आधी साध्या रामेनकडे, म्हणजे गरम सुपातल्या नूडल्सकडे, पाहावं लागतं. रामेन समोर आलं की घड्याळ सुरू होतं. नूडल्स कढईतून काढल्या तेव्हा त्यांचा बाहेरचा थर पाणी पिऊन मऊ झालेला असतो, गाभा मात्र अजून जरा कोरडा असतो. दाताखाली जो कस लागतो तो या फरकामुळे. पण वाडग्यातलं सूपही गरमच असतं. पाणी आत झिरपत राहतं, गाभा आणि कवच सारखंच ओलं होतं आणि नूडल्स फुगून गिळगिळीत होतात. म्हणून जपानी माणूस रामेनसमोर बसला की गप्पा मारत नाही. सात-आठ मिनिटांत वाडगं रिकामं करतो आणि उठतो. रामेनमध्ये घाई नूडल्सना असते.

त्सुकेमेनमध्ये ती घाई नूडल्सकडून काढून घेतली आहे. शिजल्याबरोबर त्या थंड पाण्याखाली धरतात आणि हातानं चोळून धुतात. उकळताना पृष्ठभागावर जमलेली स्टार्चची खळ धुऊन जाते, त्यामुळे नूडल्स एकमेकींना चिकटून गोळा होत नाहीत. दुसरं, थंडीनं आतलं काम थांबतं. पाणी गाभ्याकडे झिरपण्याचा वेग एकदम मंदावतो. अशा नूडल्स वाडग्यात काही मिनिटं नुसत्या पडून राहिल्या तरी फारसं बिघडत नाही. घड्याळ बंद होत नाही, ते फक्त शेजारच्या वाडग्यात सरकतं. आता घाई असते ती सुपाला, कारण दर घासागणिक थंड नूडल्स त्याची ऊब चोरून नेतात.

हा पदार्थ जन्मला तोच मुळी वेळ नसलेल्या लोकांसाठी, आणि ते लोक म्हणजे प्रवासी नव्हेत, खुद्द आचारी. काझुओ यामागिशी यांचा जन्म १९३४ चा, नागानो प्रांतातला. किशोरवयातच ते टोकियोतल्या रामेन-धंद्यात शिरले. एका दुकानात त्यांनी पाहिलं, की उरल्यासुरल्या नूडल्स फेकून देण्याऐवजी तिथले जुने कामगार त्या चहाच्या पेल्यातल्या सुपात बुडवून खातात. सूप थोडंसंच, त्यात सोया सॉस. गिऱ्हाइकांची वर्दळ चालू असताना आचाऱ्याला गरम रामेनचं वाडगं घेऊन बसता येत नाही. दोन घास खाल्ले की हाक येते, परत यावं तर नूडल्स फुगलेल्या. बुडवून खायच्या नूडल्सना अशा हाका सोसतात. पुढे यामागिशी टोकियोतल्याच नाकानोच्या ‘ताइशोकेन’ दुकानात असताना एका गिऱ्हाइकानं कामगारांचं हे जेवण पाहिलं आणि आपल्यालाही हवं म्हणून मागितलं. यामागिशींनी त्यात व्हिनेगर, साखर आणि तिखट घालून चव बसवली आणि १९५५ साली ४० येन किमतीला तो पदार्थ फळ्यावर लावला. नाव ठेवलं ‘तोकुसेइ मोरिसोबा’, म्हणजे खास मोरिसोबा. थंड सोबा नूडल्स सॉसमध्ये बुडवून खायची जुनी जपानी पद्धत लोकांना ठाऊक होतीच. नवं काही समजावून सांगण्यापेक्षा तिचंच नाव उसनं घेणं सोयीचं पडलं. ‘त्सुकेमेन’ हे नाव रुळलं ते १९७० च्या दशकात, आणि तेही दुसऱ्याच दुकानांमुळे.

१९५५ साली तो पदार्थ फळ्यावर लागला तेव्हा यामागिशी जेमतेम एकवीस वर्षांचे होते. १९६१ मध्ये त्यांनी हिगाशी-इकेबुकुरोत स्वतःचं ताइशोकेन काढलं. ते छोटंसं, कळकट दुकान पुढे जवळजवळ तीर्थक्षेत्र बनलं. डोक्याला पंचा गुंडाळलेल्या या गलेलठ्ठ माणसाला लोक ‘रामेनचा देव’ म्हणू लागले. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात विशेष वाटतं ते हे, की त्यांनी कृती लपवली नाही. आपल्या सुपात काय पडतं हे शेजारच्या दुकानदाराला कळू नये म्हणून जिवाचं रान करणाऱ्यांचा हा धंदा. यामागिशी मात्र येईल त्याला शिकवत आणि आपल्या दुकानाचं नावही लावू देत. पुनर्विकासात इमारत गेली म्हणून २००७ साली जुनं दुकान बंद झालं, तेव्हा शेवटच्या दिवशी माणसांची भलीमोठी रांग लागली होती. पुढच्याच वर्षी ते जवळच्या जागेत पुन्हा उघडलं. २०१५ साली ऐंशीव्या वर्षी यामागिशी वारले, तोवर त्यांचे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य जपानभर पसरले होते.

यामागिशींचं मूळ त्सुकेमेन आज खाल्लं तर रोकुरिन्शाच्या चाहत्याला ते जरा पातळ वाटेल. आंबट, गोड, तिखट, आणि सूप वाहतं. आजचं दाट, माशाच्या वासाचं, करड्या-तपकिरी रंगाचं त्सुकेमेन फार अलीकडचं आहे. १९९६ साली नाकानोतच ‘आओबा’ हे दुकान निघालं. त्यांनी डुकराच्या आणि कोंबडीच्या हाडांचं सूप वेगळं शिजवलं, सुक्या माशांचं वेगळं, आणि दोन्ही वाडग्यात एकत्र आणलं. २००० साली टोकियोच्या उत्तरेला कावागोए गावात ‘गान्जा’ सुरू झालं. त्यांनी नूडल्स आणखी जाड केल्या आणि सुपावर सुक्या माशांची बारीक पूड टाकली. २००५ साली टोकियोच्या ओसाकी भागात रोकुरिन्शा उघडलं, ते याच वाटेवरून पुढे जात. त्यांच्या सुपात नोरी म्हणजे समुद्रशेवाळाचा चौकोनी कागद तरंगत असतो आणि त्या होडीवर माशाच्या पुडीचा ढीग. हवी तेव्हा, हवी तेवढी पूड सुपात ढकलायची.

नूडल्स जाड झाल्या की सूप दाट का करावं लागतं? यात आवडीनिवडीपेक्षा भूमितीचा हात मोठा आहे. जपानी नूडल्सची जाडी क्रमांकानं सांगतात. तीस मिलिमीटर रुंदीच्या पट्टीतून जितके दोर कापले जातील तो क्रमांक. वीस क्रमांकाची नूडल दीड मिलिमीटरची, साध्या रामेनला शोभणारी. बारा क्रमांकाची अडीच मिलिमीटरची, ती त्सुकेमेनची. दोराची जाडी दुप्पट केली की तेवढ्याच वजनामागे त्याचा बाहेरचा पृष्ठभाग निम्मा होतो. सूप चिकटायचं ते पृष्ठभागालाच. त्यातून नूडल्स थंड आणि धुतलेल्या, म्हणजे गुळगुळीत. पातळ सुपात त्या बुडवल्या तर बाहेर येईस्तोवर अर्धं सूप गळून जाईल आणि तोंडात नुसती शिजलेली कणीक येईल. तेव्हा सूप दाट हवं, खारट हवं, आणि त्याच्या प्रत्येक थेंबात साध्या रामेनच्या दोन-तीन थेंबांची चव हवी.

हा दाटपणा मैदा किंवा मक्याचं पीठ लावून आणत नाहीत, निदान चांगल्या दुकानात तरी नाही. हाडं, पाय आणि कातडी तासन्‌तास खळखळत उकळली की त्यातलं कोलॅजन सुटून जिलेटिन बनतं. जोरदार उकळीनं चरबीचे बारीक थेंब होतात, आणि जिलेटिन त्यांना पाण्यात धरून ठेवतं. सूप पांढुरकं, ओठांना चिकटणारं होतं. क्युशू बेटावरच्या कुरुमे गावात १९४७ साली एका दुकानात सूप विसरून फार वेळ उकळत राहिलं आणि त्यातून हे पांढरं सूप सापडलं, असं सांगतात.

माशाची जोड हवीच कशाला, याचं कारण रसायनशास्त्रात आहे, आणि त्या रसायनशास्त्राचा मोठा भाग जपानमध्येच घडला. किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोम्बू या समुद्रशेवाळाच्या रसातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला उमामी म्हटलं. त्यांचे शिष्य शिन्तारो कोदामा यांना १९१३ साली सुकवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट सापडलं. मग १९५० च्या दशकात अकिरा कुनिनाका यांनी शिताके अळंब्यांतल्या ग्वानिलेटचा अभ्यास करताना खरी गंमत दाखवून दिली. ग्लुटामेट आणि इनोसिनेट-ग्वानिलेट या दुसऱ्या गटातलं द्रव्य एकत्र आलं, की चव नुसती बेरजेनं वाढत नाही, कित्येक पटींनी चढते. त्सुकेमेनच्या वाडग्यात सोया सॉस, भाज्या आणि कोम्बूतून ग्लुटामेट येतं, हाडामांसातून आणि सुक्या माशांतून इनोसिनेट. थंड, जाड, अळणी नूडल्सना पुरून उरेल अशी चव थोड्याशा सुपात मावते ती यामुळे.

नूडल्सचा पिवळसरपणा पाहून पुष्कळांना त्यात अंडं असावं असं वाटतं. काही ठिकाणी असतंही, पण रंगाचं आणि कसाचं खरं कारण कान्सुइ हे अल्कली पाणी. त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट असतात. आपल्या पापडखाराचा हा जवळचा नातलग. उडदाच्या पिठात खार पडला की गोळा जसा घट्ट, ताणला जाईल असा होतो, तसंच इथं गव्हाच्या पिठातलं ग्लुटेन आवळून येतं. गव्हातली फ्लेव्होनॉइडं अल्कलीत पिवळी पडतात. उकळत्या पाण्यात या खाराचा वास येतो, आणि तो वासही पुष्कळसा त्या धुण्यात निघून जातो.

ओसाकीच्या रोकुरिन्शाची पुढची गोष्ट मोठी मजेदार आहे. दुकान चाललं नाही म्हणून बंद होतं, हे आपण नेहमी ऐकतो. हे दुकान फार चाललं म्हणून बंद झालं. वस्तीतल्या फुटपाथवर रोज लागणाऱ्या लांबलचक रांगेचा आजूबाजूच्या रहिवाशांना त्रास व्हायला लागला, आणि २०१० साली मालकांनी तिथला गाशा गुंडाळला. तोवर टोकियो स्टेशनातलं दुकान सुरू झालेलं होतं. स्टेशनाला रांगेचं वावडं नसतं. तिथं रांग लावायला दोऱ्या बांधता येतात, जमिनीवर खुणा करता येतात, पाऊस लागत नाही, कोणाच्या घराच्या दाराशी गर्दी होत नाही. आणि रांगेतल्या माणसाला रांगेची सवयच असते, तो रोज फलाटावर ओळीनं उभा राहतोच.

रांगेचा आणखी एक उपयोग आहे, आणि तोच आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. रामेन-दुकानाच्या दाराशी तिकीट-यंत्र असतं. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, निघालेलं चिटोरं कर्मचाऱ्याच्या हातात द्यायचं. पुष्कळ गर्दीच्या दुकानांत हे चिटोरं बसण्याच्या आधीच, रांगेत असतानाच घेतात. चिटोरं स्वयंपाकघरात पोचलं की नूडल्स पाण्यात पडतात. आपण अजून कोणाच्या तरी पाठीकडे पाहत उभे असतो, आणि आपल्या दहा मिनिटांतली सात आधीच खर्ची पडलेली असतात. खुर्चीवर बसावं, पाणी प्यावं, कागदी ॲप्रन गळ्यात अडकवावा, तोवर वाडगी पुढ्यात. आचारीही एकेका गिऱ्हाइकाची वाट पाहत नाही. रांग किती आहे हे त्याला दिसतं, त्या अंदाजानं घाणा टाकत राहायचं. एखादा घाणा मिनिटभर आधी निघाला तरी धुतलेल्या थंड नूडल्स तेवढ्यानं बिघडत नाहीत, जी सवलत गरम रामेनवाल्याला नसते. शिजायला लागणारा वेळ खुर्चीवर कापला जात नाही, रांगेत कापला जातो. स्टेशनातल्या भाड्याच्या हिशेबात खुर्ची महाग आणि रांग फुकट.

या यंत्रांविषयी थोडं. डावीकडचं सगळ्यात वरचं बटण बहुधा दुकानाच्या हुकमी पदार्थाचं असतं. जपानी वाचता येत नसेल तर निमूटपणे तेच दाबावं. जुन्या यंत्रांना दहा हजारांची नोट चालत नाही, म्हणून सुटे जवळ ठेवावेत. जुलै २०२४ मध्ये जपाननं नव्या नोटा काढल्या तेव्हा छोट्या रामेनवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण यंत्र बदलायचं किंवा सुधारून घ्यायचं म्हणजे कित्येक महिन्यांचा नफा गेला. याशिवाय हजार येनभोवती रामेनवाल्यांचं एक जुनं दुखणं घोटाळत असतं. रामेन हे स्वस्त, कष्टकऱ्यांचं खाणं, तेव्हा वाडग्याला हजारावर पैसे मोजायला गिऱ्हाईक कां कू करतं. धंद्यातले लोक याला ‘हजार येनची भिंत’ म्हणतात. गहू, डुकराचं मांस, गॅस सगळं महाग होत गेलं तशी ती भिंत आता ठिकठिकाणी ढासळली आहे.

नूडल्स किती हव्यात हेही आधीच सांगायचं असतं. पुष्कळ दुकानांत साधी आणि मोठी वाढणी एकाच किमतीत मिळते, आणि पाटीवर लिहिलेलं वजन कधी कच्च्या नूडल्सचं असतं. तीनशे ग्रॅम वाचून माणूस निश्चिंत होतो, पण उकळल्यावर त्या पाण्यानं फुगून पाचशेच्या आसपास जातात. टाकून देणं चांगलं दिसत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यानं साधी वाढणी घ्यावी.

खाण्याची रीत अशी. पहिला दोर नुसताच, सुपाशिवाय चावून पाहावा. गव्हाची चव लागली तर दुकान चांगलं. मग एका वेळी तीन-चार दोर उचलावेत, अर्धेच बुडवावेत आणि जोरात भुरका मारावा. भुरका मारताना संकोच नको. हवा आत ओढली गेली की सुपातला सुगंध घशाच्या मागून नाकात चढतो, आणि माशाच्या पुडीची निम्मी मजा नाकातच आहे. जाड, वळवळत्या नूडल्स ओरपताना सूप उडतं, ॲप्रन त्यासाठी. सगळ्या नूडल्स एकदम सुपाच्या वाडग्यात ओतू नयेत. सूप एका दमात थंड होतं, आणि जे त्सुकेमेन होतं त्याचं कोमट रामेन होतं. सुपाच्या तळाशी डुकराच्या मांसाचे तुकडे, बांबूच्या कोवळ्या कोंबांचं मेनमा, कांद्याची पात असते. त्यांना मधूनमधून वर काढत राहावं. अर्धं जेवण झालं की नोरीवरची पूड सुपात लोटावी.

सूप थंड होण्यावर जपान्यांनी नाना उपाय केले. काही जण गरम नूडल्स मागतात, त्याला ‘आत्सुमोरी’ म्हणतात. धुतलेल्या नूडल्स पुन्हा गरम पाण्यातून काढून द्यायच्या. पण मग त्या लवकर चिकटतात आणि कसही जातो. काही दुकानं मागितल्यावर वाडगं पुन्हा तापवून देतात. काही ठिकाणी भट्टीत तापवलेला दगड सुपात सोडतात, तो चर्रर्र करून उकळी आणतो. हा प्रकार पाहायला छान, पण मला त्यात चवीपेक्षा नाटक जास्त दिसतं. हिरोशिमाकरांनी हा प्रश्न मुळातच निकालात काढला आहे. त्यांच्या त्सुकेमेनचं सूपही थंडच असतं, मिरचीनं लालभडक, वर तीळ, सोबत उकडलेली कोबी.

रोकुरिन्शा सकाळी साडेसातला उघडून हलक्या सुपाचं ‘आसा-त्सुके’, म्हणजे सकाळचं त्सुकेमेन देऊ लागलं, तेव्हा कित्येकांनी भुवया उंचावल्या. सकाळी हाडांचं सूप कोण खाणार? रात्रभर बसनं आलेले, पहाटेच्या पाळीवरून सुटलेले आणि आठच्या शिन्कान्सेनआधी पोटभर खाऊन घ्यावं म्हणणारे पुष्कळ निघाले.

नूडल्स संपल्या तरी जेवण संपत नाही. वाडग्यात उरलेलं सूप इतकं तीव्र असतं की नुसतं पिणं अवघड. मग ‘सुपु-वारी’ मागायची. कर्मचारी वाडग्यात गरम, पातळ, माशाचं किंवा हाडांचं सौम्य सूप ओततो, कुठे कुठे त्याचा थर्मास टेबलावरच असतो, आणि तो राहिलेला दाट रस पिण्याजोगा होतो. ही रीत सोबाकडून आली. सोबा खाऊन झाल्यावर त्या ज्या पाण्यात शिजल्या तेच पाणी सॉसमध्ये घालून पितात. त्सुकेमेनच्या पाण्यात मात्र कान्सुइ उतरलेला असतो, ते पिववत नाही, म्हणून इथं वेगळं सूप द्यावं लागतं. वारीनं खारटपणा जिभेला कमी लागतो, पण मीठ कुठे जात नाही. जपानी सरकारच्या २०२० च्या आहारमानानुसार दिवसाला पुरुषांनी साडेसात आणि स्त्रियांनी साडेसहा ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. दाट सूप शेवटच्या थेंबापर्यंत पिणारा माणूस एका बैठकीत त्या मर्यादेच्या फार जवळ जाऊ शकतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर वारी मागावी, दोन घोट घ्यावेत आणि वाडगं खाली ठेवावं. कोणी काही म्हणत नाही.

शाकाहारी वाचक एव्हाना वैतागले असतील, आणि ते रास्त आहे. या वाडग्यात हाडं, मांस आणि मासे इतके गुंतलेले आहेत की ‘वरचे तुकडे काढून द्या’ म्हणण्यात अर्थ नाही. थंड सोबाचा सॉस निरुपद्रवी दिसतो, पण तोही बहुधा बोनिटोच्या पाण्यावर बनतो. टोकियोच्या पूर्वेला निशी-कासाइ भागात मुंबई-पुण्याकडून आलेली सॉफ्टवेअरवाली कुटुंबं बरीच आहेत. तिथून तोझाइ मार्गानं ओतेमाची गाठलं की भुयारातून चालत टोकियो स्टेशनात येता येतं. त्यांच्यातल्या शाकाहारी मंडळींसाठी स्टेशनातच ‘टीज तानतान’ नावाचं दुकान आहे. तिथं सगळं वनस्पतीजन्य, तिळाच्या दाट सुपातलं तानतानमेन मिळतं. ते त्सुकेमेन नव्हे, पण दाट सूप आणि चावून खायच्या नूडल्स यांची हौस तिथं भागते. एकच अडचण, हे दुकान केइयो मार्गाकडे जाणाऱ्या वाटेवर, फाटकांच्या आत आहे. गाडीचं तिकीट नसेल तर प्रवेश-तिकीट काढावं लागतं. त्याची मुदत दोन तासांची. तानतानमेनच्या नूडल्स बारीक असतात, त्यामुळे रांग धरूनही तेवढ्या वेळात बाहेर पडता येतं.